अडतीस सालचं स्टू

रॅवनगिल, टीसडेल
मंगळवार, १२ ऑक्टोबर १९५४

प्रिय क्लेम,

तुझी तब्येत चांगली असेल असं धरून चालते. आम्ही सगळे बरे आहोत. अक्षर ओळखलं असशील तर पत्र पुढे वाच, एवढीच विनंती. तुझा पत्ता आमच्या पोस्टमननं दिला. त्याचा मेहुणा हार्टलपूलला तुझ्याच गोदीत क्रेनवर आहे म्हणे. तू जाडा झालायस असंही तो म्हणाला, पण तो स्वतः काडीसारखा असल्यामुळे त्याचं मी फारसं मनावर घेतलं नाही.

इकडची बातमी म्हणजे विजेचे खांब पुलापर्यंत आले आहेत आणि तिथेच थांबले आहेत. नेथनचा डावा गुडघा पार कामातून गेलाय, पण बायको कितीही ओरडली तरी मेंढ्यांमागे जायचं सोडत नाही. सासरेबुवा ब्याऐंशीचे झाले. कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, पण चॅपेलच्या कारभाराची किल्ली अजून त्यांच्याच कमरेला. नवे पाद्री तरुण आहेत, सायकलवरून फिरतात, आणि सासऱ्यांना भलतेच घाबरतात.

तुझा विषय घरात निघत नाही. निघत नाही म्हणजे कुणी काढत नाही. मीही नाही.

लिहायचं कारण असं. जुलैपासून मांसावरचं रेशन उठलं हे तुला माहीत आहेच. चौदा वर्षं आठवड्याला तळहाताएवढा तुकडा मिळायचा, आता खाटीक स्वतःहून विचारतो, "अजून देऊ का, एनिडबाई?" त्यामुळे चॅपेलचं नोव्हेंबरचं जेवण पुन्हा सुरू करायचं ठरलंय. युद्ध लागलं तेव्हापासून बंद होतं. दुसऱ्या शनिवारी, म्हणजे तेरा तारखेला, पूर्वीसारखंच सगळं: लांब टेबलं, पांढऱ्या चादरी, आणि बीफ स्टू, वर पिठाचे फुगलेले गोळे, डंपलिंग.

आणि स्टू मी करायचं. परवा पाचसहा जणी मिळून दारात आल्या. "तेच हवं हं, अडतीस सालचं." क्लेम, या लोकांनी युद्धात शलगम खाता खाता त्या स्टूची इतकी आठवण काढलीय की आता ते स्टू राहिलंच नाही, काहीतरी भलतंच झालंय. म्हातारी मिसेस पर्ट सांगते, डंपलिंग ढगाएवढं हलकं होतं. एक जण म्हणतो, रसात चमचा उभा राहायचा. त्या रात्री ज्यांचा जन्मही झाला नव्हता ती पोरंसुद्धा त्याची चव सांगतात. खाटकानं तीस पौंड नळीचं मांस माझ्या नावावर बाजूला काढायचं कबूल केलंय.

मी हो म्हटलं. म्हणजे, नाही म्हणता आलं नाही.

तुला ते स्टू आठवतं का? सहज विचारलं.

आणखी काय लिहू? पाऊस भरपूर. काळी शेळी मेली. आईच्या थडग्याचा दगड थोडा कलला होता, तो नेथननं सरळ केला.

तुझी बहीण
एनिड

ता. क. उत्तराची घाई नाही. पण तेरा नोव्हेंबरच्या आत आलं तर बरं होईल.


रॅवनगिल
बुधवार, २७ ऑक्टोबर

प्रिय क्लेम,

तुझं कार्ड मिळालं. "स्टू आठवतं. का विचारतेस ते लिही, नाहीतर पुन्हा लिहू नकोस." सोळा वर्षांनी दोन ओळी. पोस्टमननं वाचल्या असणारच, कारण देताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

रागवलेला नाहीस असं कार्डावरून दिसत नाही, आणि रागवला आहेस असंही दिसत नाही. तू लहानपणीही असाच होतास. आपटून पडलास तरी उठून आधी धूळ झटकायचास.

बरं. लिहिते. पण मला क्रमानं लिहू दे, नाहीतर मधूनच पळ काढीन.

चॅपेलचं स्टू सासूबाई करायच्या. चॅपेलमधल्या सगळ्यांनीच वहीत सही करून दारूला न शिवायची शपथ घेतलेली, तेव्हा रसाला रंग येण्यासाठी गार कोरा चहा आणि चमचाभर काकवी. लोक निमूट खायचे आणि बाहेर पडल्यावर हवापाण्याबद्दल बोलायचे. अडतीसच्या वसंतात सासूबाई गेल्या आणि काम माझ्याकडे आलं. तू म्हणशील, मग काय झालं, कर की चहा घालून. पण तुला माहीत आहे मी कोण होते त्या घरात. ब्लॅक बुलमधल्या स्वयंपाकिणीची पोर. अकरा वर्षं झाली होती लग्नाला, तरी कुणी नवं माणूस आलं की ओळख व्हायची ती, "ही आमची सून, पबातून आलेली." आईला त्यांनी कधी चॅपेलच्या आत घेतलं नाही. ती वारली तेव्हा सासरेबुवा थडग्यापाशी आले, पण टोपी काढायला त्यांना वेळ लागला. ते मी विसरले नव्हते.

मला आईचं स्टू त्यांना चारायचं होतं, क्लेम. त्या साठ जणांनी ते चाटून पुसून खावं, पुन्हा मागावं, आणि कुणाचं खातोय ते त्यांना कळू नये. हे मनात कितीतरी दिवस घोळत होतं. चांगला स्वयंपाक करायची हौस वगैरे काही नव्हतं. सूड म्हण.

शुक्रवारी मी दुधाची किटली घेऊन ब्लॅक बुलच्या मागच्या दाराशी गेले आणि दहा पाइंट तपकिरी बिअर आणली. शनिवारी पहाटेपासून चॅपेलच्या चुलीशी उभी. नळीचं मांस मोठे तुकडे करून पिठात घोळवलं, चरबीत थोडं थोडं तांबूस केलं. गर्दी केली की मांस भाजत नाही, उकडतं, हे आईनं आपल्या दोघांच्या डोक्यात टपल्या मारून भरवलंय. कांदे मंद परतले. गाजरं, स्वीडचे कंद, तमालपत्र. मग सात पाइंट बिअर, आणि तीन तास झाकण ठेवून अगदी हलकी उकळी. तीन तासांत बिअर बिअर राहत नाही. वास गेला, कडवटपणा काकवीनं गेला, राहिला तो नुसता दाट गडद रस. दुपारी सासरेबुवा स्वयंपाकघरात डोकावले, वास घेतला, म्हणाले, "छान." त्यांच्या तोंडून मी ऐकलेला पहिला चांगला शब्द.

इथवर सगळं नीट होतं. घोटाळा डंपलिंगांनी केला.

डंपलिंगांचं तुला माहीत आहे. पीठ, त्याच्या निम्मी गुर्द्याभोवतीची चरबी, मीठ, गार पाणी, हात लावल्या न लावल्यासारखं मळायचं, गोळे स्टूवर सोडायचे आणि पंचवीस मिनिटं झाकण उचलायचं नाही. पण गोळ्यांना तरंगायला रस लागतो, आणि माझा रस आटून खिरीसारखा झाला होता. उकळत्या पाण्याचा हंडा चहासाठी हॉलमध्ये नेलेला. नळ तेव्हा आत नव्हता. लोक बसायला लागले होते. हाताशी काय होतं, तर किटलीत उरलेली तीन पाइंट. मी ती तशीच कच्ची ओतली, गोळे सोडले, झाकण घातलं.

पंचवीस मिनिटांनी सगळ्यांसमोर, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये वाढायच्या खिडकीपाशी, झाकण उघडलं. ब्लॅक बुलचं शनिवारचं दार उघडावं तसा वास आला.

कुणी ओळखला नाही असं समजू नकोस. ज्यांनी आयुष्यात बिअर चाखली नव्हती त्यांना कळणं शक्यच नव्हतं. आणि ज्यांना कळलं त्यांनी बोलायचं म्हणजे आपल्याला ती चव कशी माहीत हे सांगावं लागलं असतं. सगळे माना खाली घालून जेवत होते. भराभर. मागून मागून.

पण वास तर होता. आणि त्याला एक माणूस हवा होता. तू दाराशी बसला होतास, मेंढ्यांच्या बाजारातून थेट आलेला. दहा महिने झाले होते तुला शपथ घेऊन. तू वहीत सही केलीस तेव्हा मी मागे उभी राहून रडले होते. हाय स्कारचं शेत तुला खंडानं मिळावं म्हणून सासऱ्यांनी जमीनमालकाच्या माणसाला शब्द द्यायचा होता, तो पुढच्याच सोमवारी.

"क्लेमंट, उभा राहा," सासरे म्हणाले. "दारूचा वास येतोय."

"मी प्यालो नाही."

"बाजारातून आलास ना?"

"हो."

"तिथे कोण कोण पीत होतं?"

"सगळेच. मी सोडून."

कुणीतरी हसलं. सासरे तुझ्या टेबलापाशी आले. तुझी वाटी भरलेली होती.

"जेवत का नाहीस?"

"भूक नाही."

"पहाटे चारला उठलेला माणूस, आणि भूक नाही. पोटात काय आहे ते कळतंय सगळ्यांना."

तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस.

क्लेम, त्या बघण्याबद्दल मी सोळा वर्षं स्वतःशी खोटं बोलले. म्हणत आले की तू मदतीसाठी पाहिलंस, बहिणीकडे पाहतात तसं. पण तुला कळलं होतं. आईच्या हाताखाली वाढलेला तू, तुला ओठाला लागताच कळलं होतं. तू एक शब्द बोलायचा अवकाश होता, "स्टूमध्ये आहे." आणि तू तो बोलला नाहीस. मी बोलते का हे पाहत राहिलास.

मी काय केलं सांगू? हातात वाढायचा डाव होता. समोर मिसेस पर्ट उभी होती. मी तिला विचारलं, "अजून एक डंपलिंग वाढू का?"

तू टोपी घेतलीस आणि गेलास. सासऱ्यांनी वही काढून पट्टी धरून तुझ्या नावावर रेघ मारली. मग सगळ्यांनी पुन्हा वाट्या पुढे केल्या.

भांडी घासताना तुझी वाटी माझ्या हातात आली. दोन्ही डंपलिंगं अख्खी. मांस हललेलं नाही. चमचा टोकाशी ओला, बस. साठ माणसांनी त्या संध्याकाळी शपथ मोडली होती आणि एकट्यानं पाळली होती. मी ती वाटी डुकरांच्या बादलीत उपडी केली.

आता उरलेलं एक. हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण तू म्हणालास का ते लिही.

आठवड्यानं बातमी आली की तू ब्लॅक बुलमध्ये झिंगून पडलेला सापडलास. शेत गेलंच होतं. आणि सगळे म्हणायला लागले, "बघा, बरोबरच होतं की." मी चुलीशी होते. मला वाईट वाटायला हवं होतं. नंतर वाटलं, खूप वाटलं. पण पहिल्या क्षणी, देवाशपथ सांगते, मला हायसं वाटलं. वाटलं, आता मी खोटी राहिले नाही. तू पिऊन मला मोकळं केलंस असं मला वाटलं. त्या महिन्याच्या शेवटी तू खोरं सोडून गेलास आणि मी तुला बसपर्यंत पोचवायलाही आले नाही.

म्हणून विचारलं स्टू आठवतं का.

आता ते लोक तेच मागताहेत. तेरा तारखेला मी काय शिजवणार आणि काय बोलणार, मला अजून माहीत नाही. ठरवून लिहिते असं म्हटलं तर तेही खोटं होईल.

एनिड


रॅवनगिल
सोमवार, १५ नोव्हेंबर

प्रिय क्लेम,

तुझं उत्तर आलं नाही. ते मला समजतं. तरी शनिवारी काय झालं ते तुला माझ्याकडून कळायला हवं, पोस्टमनच्या मेहुण्याकडून नको.

शुक्रवारी मी किटली घेऊन पुलापर्यंत गेले आणि परत आले. स्टू मी सासूबाईंच्या पद्धतीनं केलं. गार चहा, काकवी. मांस चांगलं होतं, वेळही भरपूर दिला, डंपलिंगं फुलली. कुणाला नावं ठेवता येणार नाहीत असं झालं होतं. आणि हॉल गच्च भरलेला, सगळ्यांनी चौदा वर्षांची भूक घेऊन पहिला घास तोंडात घातला.

 ज्यांनी कधी खाल्लं नव्हतं ती पोरं मुकाट जेवत होती. बाकीचे एकमेकांकडे बघत होते.

"चांगलं आहे हं," मिसेस पर्ट म्हणाली. "पण एनिड, ते नाही गं हे."

"काहीतरी कमी आहे," तिच्या शेजारचा म्हणाला.

"मीठ?"

"मीठ नाही रे, मीठ ठीक आहे. काय बरं कमी आहे..."

मी खिडकीत उभी होते, त्याच जागी, तोच डाव हातात. इतका सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नसेल. म्हटलं, "दहा पाइंट बिअर कमी आहे. अडतीस साली घातली होती."

मी ठरवलं होतं की सगळं सांगायचं. तुझं नाव, वाटी, सगळं. पण क्लेम, ते हसले. आधी एक, मग दोघं, मग अख्खा हॉल. तरुण पाद्री रुमाल तोंडात कोंबून हसत होते. कुणी टेबलावर थापा मारल्या. "तरीच! तरीच!" मिसेस पर्टच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सोळा वर्षं मी जे छातीवर दगडासारखं ठेवून झोपले, त्याचा त्यांनी अर्ध्या मिनिटात विनोद करून टाकला. मी तोंड उघडलं तरी माझा आवाज मलाच ऐकू येईना. आणि एका क्षणी मलाही वाटलं, बरंच आहे की, हसू दे, संपलं. असं वाटलं हे तुला सांगते, कारण आता तुझ्यापासून काही झाकायचं नाही असं ठरलंय.

सासरेबुवा समोरच्या टेबलाच्या टोकाशी होते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. ते नुसते तोंडं बघत होते.

"काय झालं? का हसताहेत?"

नेथन हसत नव्हता. तो वाकला आणि त्यांच्या कानात ओरडला, "बाबा, अडतीस सालच्या स्टूत बिअर होती. एनिडनं घातली होती."

"अडतीस साली?"

"हो."

"मी तीन वाट्या खाल्ल्या होत्या."

पुन्हा हशा, पहिल्याहून मोठा. पण म्हाताऱ्याचा चेहरा तसाच. तो काहीतरी जुळवत होता. मी त्या माणसाला सत्तावीस वर्षं ओळखते. त्याचा कडकपणा मी सोसलाय, त्याच्या मागे त्याच्या नकला केल्यात, पण इतक्या जणांत तो एकटाच त्या संध्याकाळकडे परत जायच्या वाटेला लागला होता.

"म्हणजे तो वास..."

"हो, बाबा."

"आणि क्लेमंट रेन?"

हसणं एकदम थांबलं नाही. टेबलाटेबलानं थांबत गेलं.

"तो जेवला नव्हता," म्हातारा म्हणाला. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "वाटी भरलेली होती. मीच त्याला त्यावरून बोललो. जेवत का नाहीस म्हणालो मी त्याला."

मग मी खिडकी सोडून हॉलमध्ये आले आणि उरलेलं सांगितलं. आता ऐकत होते सगळे. काय काय बोलले ते नीट आठवत नाही. तुझ्या बघण्याबद्दल सांगितलं. मिसेस पर्टला डंपलिंग विचारल्याचं सांगितलं, तेव्हा तिनं मान खाली घातली. म्हणाली, "आणि मी घेतलं होतं."

सासऱ्यांनी शपथेची वही मागवली. मला वाटलं, तुझं नाव पुन्हा लिहिणार. पाद्रींनाही तसंच वाटलं असावं, त्यांनी घाईनं दौत पुढे केली. म्हाताऱ्यानं चष्मा लावला, पानं मागे नेली, पार पहिल्या पानापर्यंत. अठराशे एकोणनव्वद सालची त्याची स्वतःची सही, वय सतरा. तिच्यावर त्यानं रेघ मारली. पट्टीशिवाय. वाकडीतिकडी गेली. मग पेन मिसेस पर्टकडे सरकवलं.

"तुम्ही किती खाल्लं होतं?"

"दोन वाट्या, जोसाया."

"मारा रेघ."

त्या जेवणाला असलेली आणि अजून जिवंत असलेली तेवीस माणसं निघाली. एकेक जण उठला, आपलं नाव शोधलं, रेघ मारली. कुणाला जागेवर सापडेना, कुणाचा चष्मा घरी राहिलेला. एक जण म्हणाला, मी अर्धीच वाटी खाल्ली होती, तर त्याची बायको म्हणाली, "गप बस, माझीही तूच खाल्लीस." कुणी हसलं नाही. स्टू गार झालं. पाद्रींनी मधेच म्हणून पाहिलं की न कळत घडलेल्या गोष्टीला देव मोजत नाही. सासरेबुवांनी त्यांच्याकडे कान केला नाही, आणि तो बहिरेपणा नव्हता.

शेवटी पेन माझ्याकडे आलं. मी माझं नाव शोधून वही वळवली, तर म्हाताऱ्यानं माझा मनगटाशी हात धरला.

"तुझी नाही."

"बाबा, मी तर जाणूनबुजून..."

"म्हणूनच. आमच्या रेघा आमच्या आहेत. तुझी क्लेमंट मारेल. नाहीतर नाही मारणार. ते तू किंवा मी ठरवायचं नाही."

घरी आम्ही चालत आलो. गेटाशी आल्यावर नेथन म्हणाला, "मला कळलं होतं, एन. पहिल्या घासाला."

"मग बोलला का नाहीस?"

"चव कशी ओळखलीस, असं बाबांनी विचारलं असतं."

मी त्याच्यावर ओरडायला हवं होतं. मला सोळा वर्षं वाटत होतं की त्या हॉलमध्ये मी एकटी गप्प बसले. एकाच पलंगावर दोघं गप्प पडून होतो. आम्ही गेटाशी पावसात उभेच राहिलो. मला त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली. तुझी त्याहून जास्त आली. तुझ्या बाजूनं बोलायला दोन माणसं होती आणि दोन्ही तुझ्याच घरची होती.

क्लेम, ते हसले म्हणून मला माफ करू नकोस. आणि नंतर ते गप्प झाले, रेघा मारल्या, म्हणूनही करू नकोस. त्यांचं त्यांनी फेडलं, माझं अजून तसंच आहे. तू सोळा वर्षं गोदीत कशी काढलीस, कितीदा प्यालास, कितीदा सोडलीस, तुझ्याजवळ कुणी आहे का, यातलं मला काहीच माहीत नाही. ते विचारायचा हक्क मी डाव हातात धरून घालवला.

गुरुवारी सकाळच्या बसनं मी येतेय. सासरेबुवाही येणार आहेत. मी नको म्हटलं, ब्याऐंशीव्या वर्षी दोन बसा बदलणं झेपायचं नाही. तर म्हणाले, "बोलताना मी त्याला उभं केलं होतं. आता मी उभा राहीन." दुपारी एकच्या सुमारास तुझ्या दाराशी पोचू. नसेल उघडायचं तर उघडू नकोस. अर्धा तास थांबू आणि जाऊ, शेजारपाजाऱ्यांत गाजावाजा करणार नाही. खायला काही बरोबर आणत नाही.

वही आणतेय. अडतीस साली त्या हॉलमध्ये जेवलेल्या हयात माणसांपैकी एकच नाव आता तिच्यात रेघेवाचून आहे, आणि ते माझं आहे. ते तसं राहणं मला सोसत नाही, आणि पुसलं गेलं तर तेही सोसणार नाही. पण ते आता तुझ्या हातात आहे, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा गोष्ट जिथे असायला हवी तिथे आहे.

तू सांगशील ती
एनिड